अर्धी पुसलेली नळी

आमच्या सरांचं भिंतींशी वाकडं होतं. मधली सुट्टी झाली की आम्ही बाकीचे शिक्षक खुर्च्या भिंतीला टेकवून डोळे मिटायचो. सर मात्र खोलीच्या बरोबर मधोमध स्टूल ओढून ताठ बसायचे. वर्गात एखादं पोरगं भिंतीला टेकलेलं दिसलं की ओरडायचे, "भिंत सोड! भिंतीला लागला तो थंड झाला!" पोरांना वाटायचं, सरांना कपड्यांना चुना लागलेला खपत नाही. मी शाळेत नवा होतो, विज्ञानाचा दुय्यम शिक्षक आणि तोही तात्पुरता, तेव्हा मीही तसंच समजून चाललो होतो. नंतर कळलं की हा माणूस एका अशा पदार्थाच्या नादी लागलाय, जो भिंतीला शिवला की संपलाच.

त्या पदार्थाचं नाव प्लाझ्मा. वायू इतका तापवायचा की अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटून मोकळे फिरू लागले पाहिजेत. तो आणखी तापवला, सूर्याच्या पोटात असतो त्याहूनही जास्त, की हलके अणुगर्भ एकमेकांत मिसळून जातात आणि बेसुमार उष्णता बाहेर पडते. सूर्य त्याच्यावरच चालतो. अडचण एवढीच, की हा वायू ठेवायचा कशात? भांड्याच्या भिंतीला लागला की तो निवतो. म्हणून विजेच्या आणि चुंबकाच्या जोरावर त्याला भांड्याच्या मधोमध अधांतरी धरायचं. जगातले मोठमोठे शास्त्रज्ञ या कामाला लागले होते, आणि बऱ्हाणपुरात आमचे सर लागले होते.

काम अवघड का, हे सांगायला सर एक पिकलेलं केळं मागवत. आमच्याकडे केळ्यांना तोटा नव्हता. अर्ध्या वर्गाचे बाप केळीच्या बागांतच होते. केळं सोलून ते मुठीत धरत आणि मूठ आवळत. केळं बोटांच्या फटींतून चारी बाजूंनी बाहेर यायचं. "बघा! जितकं दाबाल तितकं निसटतं. आता असं दाबून दाखवा की ते मधल्या मध्ये राहील." पोरं दाबायची, हात बरबटवायची आणि बोटं चाटायची. त्या वर्षी विज्ञानाच्या तासाला एकही गैरहजेरी नव्हती, याचं श्रेय सर अणुशास्त्राला देत असत.

दिवस एकीकरणाचे होते. नवं राज्य नुकतंच झालं होतं. तोवर आमच्या शाळेची पत्रं नागपूरहून यायची, ती भोपाळहून येऊ लागली. ग्वाल्हेरचे, इंदूरचे, रीव्याचे, भोपाळचे आणि आमच्याकडचे मास्तर एकाच ज्येष्ठता यादीत बसवायचं काम तिकडे जोरात चाललं होतं, आणि दर दोन-तीन महिन्यांनी नवी यादी यायची. एका यादीत सर अठ्ठाविसावे होते, पुढच्या यादीत दोनशे तेरावे. तिसऱ्या यादीत ते शिक्षिकांमध्ये निघाले. हेडमास्तरांनी दुरुस्तीचा अर्ज करा म्हणून पाठ धरली, तर सर म्हणाले, "राहू द्या हो. वरून दाब देऊन मिसळायला निघालेत. दाब सैल झाला की ग्वाल्हेरवाला आपल्या भिंतीकडे, नागपूरवाला आपल्या. तोवर मी बायकांत काय वाईट आहे?"

त्यांची दुसरी खोड मात्र सगळ्या गावाला माहीत होती. आपण सांगितलेली गोष्ट चूक निघाली, तर ज्याला ज्याला ती सांगितली त्याच्या दारात जाऊन ती परत घ्यायची. एका थंडीत पेपरात बातमी आली, की विलायतेत एका भल्या मोठ्या यंत्रात सूर्यासारखी आग पेटवण्यात शास्त्रज्ञांना यश आलं असावं. 'असावं' हा शब्द सरांनी वाचलाच नाही. पेपर हातात घेऊन ते तसेच गावातल्या इतवारा बाजारात गेले आणि सोडावाल्याच्या दुकानापुढे उभे राहून त्यांनी जाहीर केलं, की आता पाण्यातून वीज निघणार, आणि आपल्या पायाशी तापी वाहते आहे. लूमवाल्यांना सांगितलं, पानवाल्याला सांगितलं. इच्छापूरचा एक केळीवाला पाण्यासाठी तेलाचं इंजिन घेणार होता. त्याला त्यांनी निक्षून बजावलं, "घेऊ नका. पस्तावाल."

काही महिन्यांनी दुसरी बातमी आली, आणि ती आतल्या पानावर होती. त्या यंत्रातून अणूंचे कण बाहेर पडले होते हे खरं, पण ते आगीमुळे नव्हे, भलत्याच कारणानं. सरांनी त्या दिवशी शाळेतून रजा घेतली आणि पायी इतवारा गाठला.

"मास्टरसाब, हम तो कब के भूल गए," पानवाला म्हणाला.

"तुम्ही विसरलात. पण मी सांगितलं होतं ना?"

संध्याकाळच्या मोटारीनं ते इच्छापूरला गेले. केळीवाला मळ्यातच होता आणि त्याच्या मागे इंजिन धडधडत होतं. "मी त तवाच घेतलं, मास्टरसाब," तो म्हणाला. "तुमाले वाईट नको वाटाले म्हून सांगलं नाही." सर परत आले ते फार खट्टू होऊन. चूक कबूल करण्याचं त्यांना काहीच वाटत नसे. ती चूक गावात कुणी खरीच धरली नव्हती, हे मात्र त्यांच्या मनाला लागलं.

अशा माणसाच्या वाट्याला सरकारी परीक्षा येऊ नये, पण आली. भोपाळहून पत्र आलं, की एकीकरणाच्या धोरणानुसार गावातल्या दोन सरकारी शाळांना मिळून एकच प्रयोगशाळा राहील. निरीक्षक येऊन दोन्ही पाहतील आणि जिथे 'उल्लेखनीय कार्य' दिसेल ती ठेवतील. दुसऱ्या शाळेच्या प्रयोगशाळेत बरणीतला एक बेडूक आणि नवं कोरं कपाट होतं. आमची प्रयोगशाळा सरांनी बारा-तेरा वर्षं खपून उभी केली होती. तराजू त्यांनीच दुरुस्त केलेले, भिंगं त्यांनीच घासलेली. ती गेली असती तर सर 'अतिरिक्त' ठरणार होते, आणि अतिरिक्त मास्तराला निमाड जिल्ह्यात कुठेही टाकता येत होतं. मी तर तात्पुरताच होतो. माझी बायको तेव्हा पोटुशी होती आणि ती नोकरी सोडून माझ्यापाशी दुसरं काही नव्हतं.

सरांनी ठरवलं, निरीक्षकांना प्लाझ्मा भिंतीपासून सुटलेला दाखवायचा. "सूर्य पेटवणार नाही मी," ते मला म्हणाले. "तेवढी अक्कल आली. नुसतं एवढंच दाखवू, की वीज सोडली की वायू काच सोडून मधे गोळा होतो. एक क्षणभर. बस्स."

मग महिनाभर आमच्या प्रयोगशाळेत जे चाललं त्याला संशोधन म्हणावं की संसार, मला अजून कळलेलं नाही. लोणच्याच्या बरण्यांना आतून-बाहेरून चहाच्या खोक्यातला चंदेरी कागद चिकटवून त्यात वीज साठवायची सोय केली. जस्तावर आम्ल ओतून हायड्रोजन काढला. तांब्याची तार हवी होती, ती सरांनी जरीचं काम करणाऱ्या एका म्हाताऱ्या तारकसाकडून मिळवली. तो केसासारखी बारीक तार ओढायचा. "मास्टरसाब, ये तार तो दुल्हन के शालू में जाता है," तो म्हणाला. "तेच समजा," सर म्हणाले, "फक्त आमची दुल्हन जरा गरम आहे." वीस-वीस तारा एकत्र पिळून आम्ही त्या बरण्यांपासून नळीपर्यंत नेल्या.

नळी काचेची, हातभर लांब, दोन्ही टोकांना पितळी टोप्या बसवलेली. आतली हवा पंपानं ओढून काढायची, थोडा हायड्रोजन सोडायचा आणि बरण्यांमधली वीज एकदम त्यातून न्यायची. कडाड्‌ आवाज व्हायचा आणि नळी गुलाबी उजळायची. पण उजळायची ती सगळीच्या सगळी, काचेला चिकटून. शिवाय दर वेळी टोप्यांचं पितळ थोडं उडून आतून काचेवर काळपट थर बसायचा. टोपी काढून, लांब काठीला फडकं बांधून तो थर पुसायचं काम माझ्याकडे होतं.

निरीक्षक यायच्या दिवशी सकाळी मी नळी पुसायला घेतली, तेवढ्यात हेडमास्तरांची हाक आली. कमानीवरचं 'स्वागतम्' उलटं लागलं होतं. ती कमान म्हणजे हेडमास्तरांचा जीव की प्राण. मी घाईघाईनं काठी नळीत घातली, समोरच्या अंगाला चार वेळा घासली, मागच्या अंगाला चार वेळा घासली, टोपी बसवली आणि पळालो. वरचा आणि खालचा थर तसाच राहिला. 'स्वागतम्' मात्र सरळ झालं.

निरीक्षक ग्वाल्हेरकडचे, अंगानं भरदार, बोलणं मोजकं. खिडक्या लावल्या, पडदे ओढले. सरांनी दोन वाक्यांत प्रयोग सांगितला आणि कळ दाबली. कडाड्‌ झालं, आणि नळीच्या मधोमध एक बारीक, स्वच्छ, गुलाबी रेघ उमटली. वर अंधार, खाली अंधार, मधे रेघ.

"वाह!" निरीक्षक म्हणाले. "बीच में ही रुक गया!"

सरांनी पुन्हा कळ दाबली. पुन्हा रेघ. मी त्यांच्याकडे पाहिलं तर त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्याच क्षणी सगळं कळलं होतं. वायू नेहमीसारखा सगळ्या नळीत पसरला होता. वर आणि खाली काळा थर होता म्हणून तिथून तो दिसत नव्हता, आणि मी पुसलेल्या पट्टीतून तेवढा दिसत होता. ती रेघ माझ्या फडक्यानं काढलेली होती. मी तोंड उघडलं नाही. टाळ्या सुरू झाल्या, त्यात मीही टाळ्या वाजवल्या.

पंधरा दिवसांत भोपाळहून प्रशंसापत्र आलं. प्रयोगशाळा आमच्याकडेच राहणार होती. हेडमास्तरांनी पत्राला चौकट करून ते दारावर लावलं आणि मावा जिलबी वाटली. सरांनी जिलबी खाल्ली नाही. ते नळी खोलून बसले होते. त्यांना तोच प्रयोग पुन्हा करायचा होता, थोडा कमी हायड्रोजन घालून.

"जरा इकडे या," त्यांनी मला हाक मारली. नळीत वर एक आणि खाली एक असे दोन काळे पट्टे ठसठशीत दिसत होते. "त्या दिवशी तुम्ही नळी पुसली होती ना?"

"हो, सर."

"पूर्ण?"

"पूर्ण," मी म्हणालो.

एवढा एक शब्द. मी भित्रा होतो आणि भित्र्या माणसाला खोटं सहज बोलता येतं, हे मला त्या दिवशी कळलं. सरांनी माझ्याकडे पाहून मान हलवली आणि पुढचं सगळं त्या शब्दावर रचलं. नळी स्वच्छ होती. म्हणजे हे पट्टे पहिल्याच झटक्यात बसले. म्हणजे उजेड मधे गोळा झाला नव्हता, नुसता तसा दिसला. म्हणजे आपण निरीक्षकांना चूक सांगितलं.

"मास्टरजी, ऐका माझं," हेडमास्तर म्हणाले. "भोपालहून कोण येऊन तुमच्या नळीत बघणार आहे?"

"मी बघितलंय ना," सर म्हणाले, आणि त्यांनी पत्र लिहिलं. प्रयोगाचा निष्कर्ष चुकीचा होता, चूक सर्वस्वी माझी, सबब प्रशंसा परत घ्यावी.

सरकारात शिक्षा परत घेता येते, बढती परत घेता येते. प्रशंसा परत घ्यायची सोय कुणी करून ठेवलेली नव्हती. वर मोठा पेच पडला असावा, कारण चार महिने काही आलं नाही. मग उत्तर आलं ते असं, की प्रशंसापत्र रद्द करण्याची तरतूद नसल्यामुळे ते कायम समजावं. परंतु निरीक्षणाच्या वेळी सदोष प्रयोग दाखवल्याचं शिक्षकानं स्वतःच मान्य केलं असल्यामुळे प्रयोगशाळा दुसऱ्या शाळेकडे वर्ग करावी, आणि सदर शिक्षक अतिरिक्त ठरत असल्यानं त्याला देडतलाई या खेड्यातल्या माध्यमिक वर्गांवर पाठवावं. 'नळी मी अर्धीच पुसली होती, सरांना फसवलं ते मी' असं एक वाक्य मी लिहून दिलं असतं, तर ठपका दुय्यम शिक्षकाच्या हलगर्जीपणावर गेला असता आणि सर राहिले असते. मी ते लिहिलं नाही. प्रयोगशाळेबरोबर मीही दुसऱ्या शाळेत वर्ग झालो, कारण सामान कुठे काय आहे हे मलाच ठाऊक होतं. वर्षभरात कायमही झालो.

सर गेले तेव्हा मी त्यांना मोटारीपर्यंत पोचवायला गेलो होतो. ती नळी सरकारी यादीत नव्हती. सरांनी ती रजईत गुंडाळून मांडीवर घेतली होती. त्यांना बदलीचं दुःख होतं, नव्हतं असं नाही. इतक्या वर्षांची प्रयोगशाळा सुटत होती आणि त्यांचा चेहरा उतरला होता. पण मोटार सुरू होताना ते खिडकीतून म्हणाले, "थर फक्त वर आणि खालीच का बसला, हे शोधायला हवं. स्वच्छ काचेवर असं व्हायला नको."

पुढची सात वर्षं ते हेच शोधत होते. मला त्यांची कार्डं यायची. तापलेला वायू वर जातो, म्हणून वरचा थर. ठीक, मग खालचा? पितळात तांबं आणि जस्त असतं, तर एक वर जात असेल आणि एक खाली? मी उत्तरात हवापाणी लिहायचो, मुलीचं बारसं लिहायचो. नळीबद्दल लिहायला बसलो की कार्ड फाडून टाकायचो. एकदा त्यांनी लिहिलं, की आता हा नियम पक्का होत आला आहे आणि दर वर्षी वरच्या वर्गाला शिकवतो आहे. ते कार्ड मी बायकोपासूनही लपवलं.

सातव्या वर्षी परीक्षेच्या कामासाठी मला देडतलाईला जावं लागलं. नाहीतर मी गेलो नसतो, हे खरंच सांगतो. सर शाळेमागच्या एका खोलीत राहत होते. केस सगळे पिकले होते. मला बघून त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी चहाच्या आधी वह्या काढल्या. चार जाड वह्या होत्या. कंदिलाच्या काचेवरची काजळी, चिमणीच्या काचेवरची काजळी, वर किती, खाली किती, सगळ्याची चित्रं. ती बारीक अक्षरांतली पानं मला वाचवेनात.

"सर," मी म्हणालो, "ती नळी मी पूर्ण पुसली नव्हती. समोरून आणि मागून पुसली. वर-खाली तशीच राहिली. मला प्रयोगाच्या वेळीच दिसलं होतं."

वह्या तशाच उघड्या ठेवून ते माझ्याकडे वळले.

"फडकं काठीलाच होतं?"

"हो."

"काठी फिरवली नाही? नुसती पुढे-मागे?"

"नुसती पुढे-मागे."

"मग बरोबर आहे," ते म्हणाले, आणि चक्क हसले. "मग काहीच विचित्र नाही त्यात." त्यांनी एक-एक करून चारही वह्या मिटल्या. मी शिव्यांची वाट बघत होतो. त्यांनी तांब्यातून पाणी घेतलं, प्याले आणि भांडं खाली ठेवलं. "सात वर्षं," ते म्हणाले. "एक कार्ड टाकायचं होतं हो."

मला रडू आलं. ते त्यांना आवडलं नसावं, कारण ते उठून वहाणा शोधू लागले.

"चला. आज बाजार आहे, पोरं भेटतील. त्यांना मी चूक शिकवलंय."

"तुम्हीच सांगा ना, सर. मी काय..."

"पुसली कुणी? माझं सांगणं झालं ऐकीव."

बाजार शाळेपासून हाकेच्या अंतरावर होता. वाळलेल्या मिरच्यांचा ढीग मांडून एक अठरा-वीस वर्षांचा गडी बसला होता. सरांना बघून तो लगबगीनं उठला आणि त्यानं पोतं झटकून बसायला दिलं.

"बसायला नाही आलो. नळीतल्या थराचा नियम शिकवला होता तुला. आठवतो?"

"व्हय, सर," तो म्हणाला. त्याला काही आठवत नसावं.

"तो चूक होता. हे माझे बऱ्हाणपूरचे सहकारी. हे सांगतील."

मिरच्या घ्यायला आलेल्या दोन बायका थांबल्या. मी दोन-तीन वाक्यांत कसंबसं सांगितलं, की नळी पुसायचं काम माझं होतं, ती नीट पुसली गेली नाही, त्यामुळे घोटाळा झाला आणि सरांची बदली झाली. गडी विचारात पडला.

"म्हंजे तुमच्यापायी सर इथं आले?"

"हो."

"मंग तं लई बरं केलं तुमी, साहेब," तो मोकळेपणानं म्हणाला. "सर नसते आले तं आमच्यातलं कोन शिकलं असतं?"

सात वर्षांत पहिल्यांदा मला जरा हलकं वाटलं. मी सरांकडे पाहिलं. ते चिडले होते.

"बरं केलं नाही. चूक केली," ते त्याला म्हणाले. "बरं काय झालं ते मागनं बघ. आधी काय झालं ते नीट समजून घे." मग माझ्याकडे वळले. "तुम्हीही फार भरभर सांगितलंत. फडकं कुठे लागलं, कुठे नाही लागलं, ते सांगा. आणि मी विचारलं तेव्हा तुम्ही 'पूर्ण' म्हणालात, ते तुम्ही गाळलंत."

बायका जवळ सरकल्या. मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो.